नाक्यांमधलीं कुरणें

मेंढपाळाचा धंदा मनुष्यजातीच्या अगदीं जुन्या धंद्यांपैकीं एक आहे. आणि ज्या भूमीविषयीं आज लिहावयाचें योजिलें आहे तेथें तर तो तेथील धर्मग्रंथांहूनही जुना आहे. अब्राहामाचे कळप, दाविदाची गोफण, बेथलेहेमच्या माळावर रात्रीं राखणीस बसलेले मेंढके, या कथा मिशनरी शाळांतून शिकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना चांगल्या ठाऊक असत. त्याच डोंगरांवर आजही मेंढरें चरतात, आजही रात्रीं कोणी तरी राखणीस जागें असतें, हें मात्र आपल्या ध्यानांत क्वचितच येतें. पॅलेस्टाइनचें नांव वर्तमानपत्रांत रोज दिसतें तें तोफा, तह आणि शिष्टमंडळें यांच्या संगतींत. त्या गर्दींत एखाद्या बाईनें पहाटे किती शेळ्यांच्या धारा काढल्या आणि त्या दुधाचें पुढें काय झालें, याला जागा कोठून मिळणार? प्रस्तुत लेखांत तेवढीच गोष्ट सांगावयाची आहे. ती दिसते तितकी लहान नाहीं.

प्रथम भूगोल. जॉर्डन नदीच्या पश्चिमेस जो प्रदेश 'वेस्ट बँक' या नांवानें ओळखला जातो तो क्षेत्रफळानें आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडासाच मोठा आहे. त्याच्या मधोमध उत्तर-दक्षिण असा डोंगराचा कणा गेला आहे. भूमध्य समुद्रावरून येणारे ढग या कण्याला अडतात आणि पूर्वेची उतरण कोरडी राहते. सह्याद्रीचा घाटमाथा ओलांडून माणदेशांत उतरलेल्या माणसाला हा चमत्कार समजावून सांगण्याची गरज नाहीं. मात्र तेथें सारें कांहीं फार आखूड अंतरांत घडतें. हेब्रॉन शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच. तेथें वर्षाकाठीं सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि द्राक्षांचे मळे पिकतात. तेथून पूर्वेस पंचवीस-तीस किलोमीटरांवर मृत समुद्र. त्याचें पाणी समुद्रसपाटीच्या खालीं ४३० मीटरांहूनही खोल, आणि त्याच्या कांठीं पाऊस १०० मिलिमीटरांच्याही आंत. या दोन टोंकांच्या मध्यें जी उतरती, खडकाळ, वर्षांतून तीन महिने हिरवी दिसणारी पट्टी आहे ती नांगराची नव्हे आणि निव्वळ वाळवंटाचीही नव्हे. ती शेळ्यामेंढ्यांची आहे. जेथें पाऊस बेभरंवशाचा तेथें शहाणा माणूस आपली संपत्ति चार पायांवर उभी करतो, म्हणजे पाऊस जिकडे पडेल तिकडे ती चालून जाऊं शकते.

या पट्टीच्या दक्षिण टोंकास, याट्टा नांवाच्या मोठ्या गांवापलीकडे, लहान लहान वाड्यांचा एक समूह विखुरलेला आहे. त्यास मसाफर याट्टा म्हणतात. नांवाची एक व्युत्पत्ति अशी सांगतात कीं, याट्टाहून तेथें जावयाचें म्हणजे प्रवासच करावा लागे, म्हणून हें 'मसाफर'. ज्या अरबी धातूपासून 'सफर' आणि 'मुसाफर' हे आपल्या भाषेंत रुळलेले शब्द आले त्याच धातूपासून हें नांव निघालें. दुसरी व्युत्पत्ति जरा थट्टेखोर आहे. अरबींत 'सिफ्र' म्हणजे शून्य. जेथें कांहींच जगूं शकत नाहीं तें मसाफर. दोहोंतली खरी कोणती हें भाषापंडितांनीं ठरवावें. रहिवाशांच्या वांट्याला मात्र दोन्ही अर्थ आलटून पालटून आले आहेत.

जिन्बा, अल-मजाझ, अल-फखीत, तुबा, खल्लत अद-दबा, अशीं या वाड्यांचीं नांवें. डोंगर चुनखडीचा, त्यांत निसर्गानें पाडलेल्या आणि माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या कोरून वाढविलेल्या गुहा आहेत. या गुहा हींच तेथलीं मूळ घरें. 'गुहेंत राहणारे' म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर रानटी अवस्थेंतील मनुष्य उभा राहतो, पण ही समजूत सोडून द्यावी. ज्या मुलखांत लांकूड दुर्मिळ, उन्हाळा कडक आणि हिवाळ्यांतल्या रात्रीं बोचऱ्या, तेथें उन्हाळ्यांत थंड व थंडींत उबदार राहणारी, गळकें छप्पर नसलेली दगडी खोली हें अडाण्याचें काम नव्हे. गुहेंत स्वयंपाकाची जागा, अंथरुणांची जागा, धान्याची जागा ठरलेली. हिवाळ्यांत नव्यानें जन्मलेलीं कोंकरें एका कोपऱ्यांत. बाहेर अंगणांत मातीची तबून नांवाची भट्टी, जिच्या भोंवतीं वाळलेलें शेण रचून पेटवितात आणि जिच्यांत रोजची रोटी भाजतात. जवळच खडकांत कोरलेलें टांकें. त्यास 'बीर' म्हणतात. हिवाळ्यांतील पाऊस उतारावरून चर खणून या टांक्यांत वळवावयाचा, आणि वर्षाचे उरलेले महिने त्यावर माणसें व जनावरें जगवावयाचीं, अशी ही जुनी व्यवस्था आहे.

तेथलें वर्ष आपल्या पंचांगाच्या उलट चालतें. पाऊस नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे मेंढ्या विण्याचे दिवस. त्या वेळीं घरांतलें कोणीही धड झोंपत नाहीं. फेब्रुवारीच्या अखेरीस डोंगर हिरवे होतात आणि एप्रिलपर्यंत चराई फुकट असते. या दोन-अडीच महिन्यांवर साऱ्या वर्षाचा हिशेब बसतो, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. मे-जूनमध्यें जव आणि गव्हाची कापणी झाली म्हणजे कळप शेतांतल्या धसकटांवर सोडतात. त्यानंतरचे महिने कोरडे. तेव्हां सांठविलेल्या भुसावर आणि विकत घेतलेल्या जवावर गुजराण करावयाची. मेंढरें बहुधा अवासी जातीचीं: अंग पांढरें, तोंड तपकिरी, आणि शेपटाच्या जागीं चरबीची रुंद गादी. उंटाला जसें वशिंड तसें मेंढीला हें शेपूट. सुकाळांत भरावें आणि दुष्काळांत खावें. शेळ्या काळ्या, लांब केंसांच्या. या केंसांच्या धाग्यांचे पट्टे बायका जमिनीवर मांडलेल्या मागावर विणतात आणि त्यांचे तंबू होतात. कोरड्या हवेंत त्या कापडाचीं छिद्रें मोकळीं राहून वारा खेळतो. पाऊस पडला कीं केंस फुगून छिद्रें मिटतात. अशा तंबूला अरबींत 'केंसांचें घर' असेंच नांव आहे.

धारा काढण्याचें काम पहाटे आणि संध्याकाळीं. त्यानंतरचें काम आपल्या घरांतील वडील बायकांना न सांगतां समजेल. दह्याचें ताक करावयाचें, पण रवीनें नव्हे: शेळीच्या कातड्याची पिशवी तीन काठ्यांच्या घोडीला टांगून, दहीं तींत ओतून, तासन्‌तास पुढें-मागें हेलकावावयाची. लोणी निघालें म्हणजे तें कढवून तूप. उरलेलें ताक तापवून कापडांत बांधावयाचें, त्याचें पाणी गळूं द्यावयाचें, मीठ मळावयाचें आणि मुठीएवढे गोळे करून उन्हांत दगडासारखे कडक वाळवावयाचे. हा 'जमीद'. तो कित्येक महिने टिकतो, आणि पाण्यांत कोळून उकळला कीं आपल्या कढीची थोरली बहीणच समोर येते. तींत मांस शिजवून भाताबरोबर वाढतात तें 'मन्सफ', त्यांचें लग्नाकार्यांतलें मुख्य पक्वान्न. आमच्या बऱ्याच वाचकांना त्यांतील मांसाचा भाग चालणार नाहीं. परंतु ज्या घरांत पाहुण्यासाठीं ठेवणींतलें तूप काढतात त्या घराची ओळख पटण्यास तेवढी अडचण येऊं नये. १५-१६ वर्षांपूर्वीं या वाड्यांत सूर्यप्रकाशावर चालणारी वीज आली. ती कोणत्याही सरकारनें आणली नाहीं. कोमेट-एमई नांवाच्या, इस्रायली व पॅलेस्टिनी माणसांनीं मिळून २००९ मध्यें काढलेल्या संस्थेनें आणली. तिच्यामुळें ताक घुसळण्याचें यंत्र आणि दूध ठेवण्याचें शीतकपाट गुहेच्या दारांत आलें, आणि बायकांचे दिवसाचे कांहीं तास वांचले. त्या प्रदेशाविषयींच्या राजकीय लिखाणांत या गोष्टीला एक ओळही मिळत नाहीं. मला मात्र ती फार मोठी वाटते.

आतां दुसरी बाजू. १९६७ च्या युद्धांत हा सारा प्रदेश इस्रायलच्या लष्करी अंमलाखालीं आला. १९८० च्या दशकाच्या आरंभीं लष्करानें मसाफर याट्टांतील सुमारें ३०,००० दुनम, म्हणजे साडेसात हजार एकरांच्या आसपास जमीन, चांदमारीचें क्षेत्र म्हणून जाहीर केली व तिला ९१८ हा क्रमांक दिला. वाड्या, गुहा, टांकीं आणि कुरणें सर्व त्या रेषेच्या आंत आलीं. सैन्याला सरावास जागा लागते हें कोणीही मान्य करील. परंतु १९८१ च्या एका सरकारी बैठकीचें टिपण २०२० मध्यें उजेडांत आलें. त्यांत त्या वेळचे शेतकी मंत्री आरिएल शारोन यांनीं, डोंगरांतील अरब गांवकरी वाळवंटाकडे पसरत आहेत म्हणून तेथें चांदमारीचीं क्षेत्रें वाढवावींत, अशी सूचना लष्कराला केल्याचें नमूद आहे. तेव्हां सरावासाठीं जागा हवी होती कीं जागेसाठीं सराव हवा होता, हा प्रश्न निदान विचारण्याजोगा आहे.

१९९९ च्या नोव्हेंबरांत, मेंढ्या विण्याच्या तोंडावर, सुमारें ७०० माणसांना या वाड्यांतून बाहेर काढण्यांत आलें. मार्च २००० मध्यें इस्रायलच्या उच्च न्यायालयानें तात्पुरता हुकूम देऊन त्यांना परत येऊं दिलें. त्यानंतर बावीस वर्षें हा दावा चालला. ४ मे २०२२ रोजीं निकाल लागला: क्षेत्र जाहीर झालें तेव्हां हे लोक तेथले कायमचे रहिवासी होते असें सिद्ध होत नाहीं, सबब अर्ज फेटाळण्यांत येत आहेत. एक हजारांहून अधिक माणसांचा निवारा या निकालावर टांगलेला होता.

'कायमचे रहिवासी' या दोन शब्दांपाशीं थोडें थांबलें पाहिजे, कारण माझ्या मतें साऱ्या प्रकरणाची मेख तेथेंच आहे. सरकारचें म्हणणें असें कीं, हीं माणसें ऋतूपुरतीं येतात. याट्टांत त्यांचीं घरें आहेत. याकोव हवाकुक नांवाच्या इस्रायली संशोधकानें या गुहांतील लोकांत राहून १९८५ मध्यें त्यांच्या जीवनावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें होतें. तेंही या वादांत पुढें आलें. आतां आपल्याकडचा धनगर पाहा. दसरा-दिवाळी आटोपली कीं तो बायकामुलें, तट्टू आणि कळप घेऊन गांव सोडतो, घाट उतरून कोंकणांत किंवा दुसऱ्या जिल्ह्यांत शेतांतून मेंढरें बसवितो, आणि मृगाच्या सुमारास परत येतो. त्याला 'तुझें कायमचें घर कोठें?' असें कोणी अधिकाऱ्यानें विचारलें तर तो काय उत्तर देईल? गांव त्याचें आहेच. पण वाटेवरचें तें ठराविक पाणी, तो ठराविक माळ, जेथें त्याच्या बापानें वाडा दिला ती जागा, हींही त्याचींच आहेत, आणि त्यांच्यावांचून त्याच्या गांवच्या घराला अर्थ नाहीं. कायद्याला घरांत राहणारा माणूस ठाऊक आहे आणि भटका माणूसही ठाऊक आहे. ज्याचें घर एखाद्या जागेंत नसून वर्षाच्या फेऱ्यांत आहे असा तिसरा माणूस कायद्याच्या कागदावर बसत नाहीं. मग तो नाहींच असें ठरतें. इस्रायलमध्यें १९५० सालीं झालेल्या एका कायद्यानें काळ्या शेळीला रानांतून हुसकून लावलें होतें, कारण ती झाडें खाते. पुढें वणवे वाढले, आणि रानांतलें वाळकें झुडूप खाऊन वणव्याचें जळण कमी करणारी हीच शेळी होती हें पटल्यावर २०१८ मध्यें तो कायदा रद्द झाला. शेळीची बाजू समजण्यास अडुसष्ट वर्षें लागलीं.

निकालानंतर मसाफर याट्टाच्या वाटांवर नाके बसले. त्याचा पहिला फटका शाळांना बसला. २०२२ च्या सत्रारंभीं जिन्ब्याच्या शाळेकडे निघालेल्या शिक्षकांना नाक्यावर अडविलें, कांहींच्या गाड्या जप्त झाल्या. त्याच वर्षीं २३ नोव्हेंबरला इस्फे अल-फौका येथील नवी शाळा पाडण्यांत आली. पुढें वर्ग तंबूंत भरूं लागले. शाळेची एक गोष्ट याहूनही चमत्कारिक आहे. तुबा या वाडीचीं मुलें अत-तुवानी गांवच्या शाळेंत जातात. सरळ वाट माओन नांवाची इस्रायली वसाहत आणि तिची एक बेकायदेशीर पुढची ठाणीवजा वस्ती यांच्यामधून जाते. वसाहतवाले मुलांवर हल्ले करीत. म्हणून २००४ च्या अखेरीपासून इस्रायली सैन्याची गाडी या मुलांच्या सोबतीला देण्यांत आली. शिपाई आले नाहींत तर मुलें वाट पाहतात आणि पहिला तास बुडतो. ज्या सैन्याच्या रेषेमुळें गांव संकटांत, त्याच सैन्याच्या पहाऱ्यांत दप्तर घेऊन शाळेंत जावयाचें, अशा स्थितींत वीस वर्षांत एक सबंध पिढी लहानाची मोठी झाली.

पाण्याची गोष्ट यांतलीच आहे. १९९५ च्या करारान्वयें वेस्ट बँकेचे अ, ब, क असे तीन भाग पडले; क भाग, म्हणजे एकूण प्रदेशाचे सुमारें ६० टक्के, सर्वस्वीं इस्रायली अंमलाखालीं राहिला. बहुतेक कुरणें या क भागांत आहेत. तेथें घर, गोठा, नळ, इतकेंच काय, नवें टांकें खणावयाचें तरी लष्करी प्रशासनाचा परवाना लागतो. २०१६ ते २०१८ या तीन वर्षांत पॅलेस्टिनींनीं केलेल्या १,४८५ अर्जांपैकीं २१ मंजूर झाले. मसाफर याट्टाच्या लोकांनीं वर्गणी व देणग्या जमवून वाड्यांपर्यंत नळ आणले होते. फेब्रुवारी २०१९ मध्यें यंत्रें येऊन तो नळ उखडून गेलीं. तेव्हांपासून पुन्हां ट्रॅक्टरमागें टाकी जोडून पाणी आणणें चालूं झालें. असें आणलेलें पाणी नळाच्या पाण्याच्या कित्येक पट महाग पडतें, आणि वाटेंत नाका असला तर किती वेळानें येईल तें सांगवत नाहीं. माणूस तहान थोडी लांबवूं शकतो. उन्हाळ्यांत दूध देणारी मेंढी लांबवूं शकत नाहीं. पाणी कमी पडलें कीं प्रथम दूध आटतें.

याच कोरड्या पट्टीचें उत्तर टोंक जॉर्डन नदीच्या खोऱ्यांत उतरतें. तेथील मेंढपाळ गुहांत नव्हे तर तंबू आणि पत्र्याच्या निवाऱ्यांत राहतात. पण धंदा तोच. त्यांचा बाजार वर डोंगरावर, तुबास आणि नाब्लुस या शहरांत. खोरें आणि हीं शहरें यांच्यामध्यें तयासीर आणि हम्रा हे दोन लष्करी नाके आहेत. नाब्लुसचें पांढरें खारें चीज प्रसिद्ध आहे; तें ताज्या दुधाचें करावयाचें असतें. ज्याचें दूध उन्हांत नाक्यावर दोन तास उभें राहिलें त्याला त्या दिवशीं भाव मिळत नाहीं, म्हणून शहाणी बाई घरींच दहीं विरजते, आणि ताज्या मालाचा जो चढा भाव मिळाला असता त्याच्यावर पाणी सोडते. जनावरांचा वैद्य बोलवावयाचा तर तोही नाक्यापलीकडचा. अडलेली मेंढी त्याची वाट पाहत नाहीं.

नाक्यांची ही कडकी हौसेखातर आहे असें कोणी म्हणूं नये. ४ फेब्रुवारी २०२५ रोजीं याच तयासीरच्या नाक्यावर एका पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यानें दोन इस्रायली सैनिकांना ठार केलें, आणि त्यानंतर निर्बंध आणखी वाढले. तरुण शिपायाला समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचें भय वाटत असेल, हें समजण्यासारखें आहे. परंतु भय दोन्हीकडे असलें तरी थांबावें लागतें एकाच बाजूला. शिवाय खोऱ्यांतही चांदमारीचीं क्षेत्रें आहेत. सर्व वेस्ट बँकेचा सुमारें १८ टक्के भाग अशा क्षेत्रांत मोडतो. सराव असला कीं कुटुंबांना हुकूम येतो: अमुक तासांपासून अमुक तासांपर्यंत घरें सोडून बाहेर राहा. मग म्हातारीं माणसें, तान्हीं मुलें आणि कळप उघड्यावर. सराव संपल्यावर न फुटलेला दारूगोळा कुरणांत राहतो आणि पुढें केव्हां तरी एखाद्या गुराख्याच्या पायाखालीं येतो. हुम्सा नांवाच्या वाडीवर तर ३ नोव्हेंबर २०२० रोजीं यंत्रें आलीं आणि ७३ माणसें एका दिवसांत निवाऱ्यावांचून झालीं. त्यांत ४१ मुलें होतीं. अमेरिकेंत त्या दिवशीं अध्यक्षाची निवडणूक होती आणि जगाचे डोळे तिकडे लागलेले होते.

आपल्या खेड्यांत दुसऱ्याच्या शेतांत शिरलेलें गुरूं कोंडवाड्यांत जातें आणि दंड भरून सुटतें. खोऱ्यांतही तसा कोंडवाडा आहे, पण तो वसाहतवाल्यांच्या स्थानिक मंडळाचा. ज्या माळावर आजोबांनीं मेंढरें चारलीं तेथें चरतांना कळप पकडला गेला तर तो सोडवितांना अर्धा विकावा लागेल इतका दंड बसल्याचे दाखले आहेत.

गेल्या सात-आठ वर्षांत एक नवाच प्रकार सुरू झाला, आणि मेंढपाळाला तो नाक्यापेक्षांही अधिक जाचतो. वसाहतवाल्यांतील कांहीं तरुण डोंगरावर एकटी झोंपडी उभारतात आणि स्वतः कळप पाळतात. घरें बांधून जमीन घ्यावयाची तर कितीशी घेतां येणार? कळप मात्र दिवसभरांत एक सबंध डोंगर फिरतो, आणि त्याच्यामागें बंदूक असली कीं दुसरा कळप तिकडे फिरकत नाहीं. 'पीस नाऊ' आणि 'केरेम नवोत' या इस्रायली संस्थांच्या मोजणीप्रमाणें २०२४ च्या अखेरीपर्यंत वेस्ट बँकेची सुमारें १४ टक्के जमीन या चराईच्या मार्गानें ताब्यांत गेली होती. फेब्रुवारी ते एप्रिल या फुकट चराईच्या महिन्यांविषयीं वर जें सांगितलें तें येथें आठवावें. ते महिने गेले कीं मेंढपाळ बाराही महिने विकतचा जव घालूं लागतो. जवासाठीं मेंढ्या विकतो. उरलेल्या मेंढ्यांचें दूध जवाला पुरत नाहीं म्हणून आणखी विकतो. शंभरांचा कळप साठांवर आणि साठांचा तीसांवर असा उतरत जातो. घर एका दिवसांत पाडलें तर त्याचें छायाचित्र निघतें. या उतरणीचें निघत नाहीं.

७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हमासच्या हल्ल्यांत इस्रायलमध्यें सुमारें १,२०० माणसें मारलीं गेलीं आणि अडीचशेंच्या आसपास माणसें ओलीस नेण्यांत आलीं. त्यानंतर गाझांत जें झालें तें जगानें पाहिलें आहे. वेस्ट बँकेच्या डोंगरांवर त्याच आठवड्यापासून वाड्या रिकाम्या होऊं लागल्या. रामल्लाच्या पूर्वेची वादी अस-सीक १२ ऑक्टोबरला उठली. हेब्रॉनच्या दक्षिणेची झनूता, सुमारें अडीचशें वस्तीची, महिना संपण्यापूर्वींच उठली. लोकांनीं आपल्याच छपरांचे पत्रे उतरवून गाड्यांत भरले. २०२४ च्या उन्हाळ्यांत न्यायालयानें त्यांना परत येऊं द्यावें असें सांगितलें. कांहीं कुटुंबें परतलीं, आणि त्रास पुन्हां सुरू झाल्यावर कांहीं आठवड्यांतच पुन्हां निघालीं.

या डोंगरांवरून दक्षिणेस बेरशेबाचें पठार आहे आणि त्यापलीकडे दिमोना. आपल्या कुलाबा जिल्ह्यांतून, अलिबाग-पेणच्या गांवांतून गेलेलीं बेने इस्राएल कुटुंबें या दोन्ही गांवीं राहतात, आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं अजून मराठी आहे. कोंकण सोडून ज्यांना नव्या भूमींत घर करावें लागलें त्यांची कहाणी निराळी आणि तितकीच खरी आहे. अरादच्या रानांतून १९४८ नंतर ज्यांना निघावें लागलें ते जहालीन बदाऊन मात्र सीमेच्या अलीकडे येऊन थांबले. त्यांतल्या कांहींनीं याट्टाच्या लोकांकडून जमीन विकत घेऊन उम्म अल-खैर ही वाडी वसविली. पुढें तिच्या कुंपणाला लागूनच कार्मेल ही वसाहत उभी राहिली. मसाफर याट्टावर बासेल अद्रा, हमदान बल्लाल, युवाल अब्राहाम व राहेल शोर या दोघां पॅलेस्टिनी व दोघां इस्रायली मंडळींनीं केलेल्या बोलपटाला मार्च २०२५ मध्यें ऑस्कर पारितोषिक मिळालें. त्या कामांत मदत केलेला उम्म अल-खैरचा इंग्रजीचा शिक्षक अवदा हथलीन त्याच वर्षीं २८ जुलैला, आपल्याच वाडींत, वसाहतवाल्यांशीं झालेल्या झटापटीच्या प्रसंगीं गोळी लागून मरण पावला.

त्यापूर्वीं ५ मे २०२५ रोजीं खल्लत अद-दबा या वाडीचीं बहुतेक घरें पाडण्यांत आलीं. तंबू, पाण्याच्या टाक्या, विजेचे पत्रे, सारें त्यांत गेलें. जीं कुटुंबें राहिलीं त्यांतलीं कांहीं तंबूंत राहिलीं, कांहीं जुन्या गुहांत परत गेलीं. ज्या गुहांतून त्यांचे आईबाप बाहेर आले, दगड-सिमेंटाच्या खोलींत दोन खिडक्या करून राहिले, त्याच गुहांत पुन्हां चूल मांडली गेली. उन्हाळा तोंडावर होता. चराई संपत आली होती, धसकटें अजून मोकळीं व्हावयाचीं होतीं, आणि शीतकपाटाची वीज गेल्यामुळें संध्याकाळच्या दुधाचें काय करावयाचें हा प्रश्न त्याच संध्याकाळीं सोडवावयाचा होता. अशा वेळीं जमीद करणें हाच एक उपाय उरतो, आणि त्याला ऊन मात्र तेथें भरपूर आहे.